भर पाण्यात दुकान नसतं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळातली सात-आठ जणांची भटकी टोळी म्हणून तुम्ही आम्हांला ओळखता. पाऊस पडू लागला की शुक्रवारी रात्री कुकटपल्लीहून पुण्याची बस धरणारे आणि थंडीत कृष्णेच्या नाहीतर गोदावरीच्या पाण्यावर होडी घालणारे ते आम्ही. या दोन्ही नद्या आपल्यासारख्याच सह्याद्रीतून निघून इकडे आलेल्या, म्हणून त्यांच्यावर आमचा जरा जास्तच जीव. आज आमच्यातलं एकच जण बोलणार असलं तरी बोलणं सगळ्यांचं आहे.

कार्यकारिणीने या वेळी बजावलं होतं की फोटो दाखवू नका, काहीतरी उपयोगाचं सांगा. म्हणून विषय असा निवडला: रानात, नदीत, समुद्रात बरोबरचं सामान मोडलं तर काय करायचं? तिथे मोची नाही, पंक्चरवाला नाही, ऑनलाइन मागवलेलं पार्सल घेऊन येणारा मुलगा नाही. जे आहे ते आपल्या पाठीवर आहे आणि त्यातलंच काहीतरी आत्ता तुटलं आहे.

अशा वेळी केलेल्या कामाला आपल्याकडे झटकन ‘जुगाड’ म्हणतात आणि वर कौतुकाने हसतात. त्या कौतुकात एक गैरसमज दडलेला असतो. लोकांना वाटतं, डोकं चालणाऱ्या माणसाला ऐन वेळी काहीतरी सुचतं. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव सांगतो की हाताला आधीपासून माहीत असतं तेवढंच ऐन वेळी सुचतं. आज आम्हांला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळे त्याचे दाखले.

पहिला दाखला मुंबईत बांधलेल्या एका बोटीचा. तिचं नाव ‘सुहैली’. बत्तीस फूट लांबीची, सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज व्यापारी नौदल अधिकाऱ्याने ती मुंबईत बांधून घेतली आणि तिच्यातूनच तो इंग्लंडला परत गेला. पुढे १४ जून १९६८ रोजी तो याच बोटीतून एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाला. ती शर्यत होती. नऊ जण निघाले, पूर्ण करणारा हा एकटा. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. कुठेही न थांबता, एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी मारणारा तो जगातला पहिला माणूस.

प्रवासाच्या पहिल्या काही आठवड्यांतच बोटीत पाणी येऊ लागलं. बोटीच्या तळाशी, खालच्या कण्याजवळ, दोन फळ्यांमधली सांध उघडली होती. गोदीत असता तर बोट वर ओढून, त्या फटीत कापूस ठासून, वरून लांबी भरून काम झालं असतं. इथे बोट अटलांटिक महासागरात तरंगत होती आणि फट पाण्याखाली होती. त्याने आधी सरळ मार्ग करून पाहिला. कापूस घेऊन पाण्यात उडी मारली, श्वास रोखून फटीत ठासू लागला. पण एका श्वासात जेवढं काम होई ते पुढच्या बुडीपर्यंत सुटून जाई.

मग त्याने काय केलं ते आमच्या मुलांनी मुद्दाम ऐकावं. तो वर आला आणि बसला. कॅनव्हासची लांब, अरुंद पट्टी कापली. फटीत ठासायचा कापूस त्या पट्टीवरच शिवून टाकला. पट्टीला डांबर फासलं आणि कडेने तांब्याचे छोटे खिळे आधीच टोचून ठेवले. म्हणजे पाण्याखाली फक्त हातोडी मारायचं काम उरलं, बाकीचं सगळं वर कोरड्यात, श्वास घेत झालं. वरची पट्टी लाटांनी निघू नये म्हणून तिच्यावर तांब्याची पातळ पट्टी ठोकली. ही तांब्याची पट्टी कुठून आली? बोटीत रेडिओ बसवणाऱ्या लोकांनी मागे सोडलेला तो तुकडा होता. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याचा बंदुकीने बंदोबस्त करावा लागला. पण खरी गोष्ट शार्कची नाही. अवघड जागी करायचं काम सोप्या जागी आधी करून घेतलं, ही खरी गोष्ट.

सुहैलीवरच्या आणखी दोन दुरुस्त्या सांगतो. बॅटरी चार्ज करणारं त्याचं छोटं इंजिन रुसलं. ठिणगी पाडणाऱ्या भागातली फट अगदी नेमकी ठेवावी लागते. ती मोजायच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांना आपल्याकडे गॅरेजवाले फिलर गेज म्हणतात. तेच त्याच्याजवळ नव्हतं. त्याने एक पुस्तक घेतलं आणि पानं मोजली. दोनशे पानांची जाडी एक इंच भरली. म्हणजे एक पान इंचाचा पाच-हजारांश भाग. इंचाचा पंधरा-हजारांश हवा असेल तर तीन पानं एकत्र धरून त्या फटीत सरकवायची. दुसरी गोष्ट, डाग द्यायला कथील संपलं. तेव्हा त्याने छोट्या दिव्यांच्या बुडाला असलेला कथलाचा ठिपका खरवडून वितळवला.

आता यात चतुराई कुठे आहे? फिलर गेज म्हणजे ‘ठरावीक जाडीची वस्तू’ हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुस्तकात फिलर गेज दिसतं. ज्याला ते फक्त ‘दुकानात मिळणारी एक वस्तू’ म्हणून ठाऊक आहे, त्याला पुस्तकात पुस्तकच दिसतं. आम्ही नव्या मुलांना हेच सांगतो. वस्तू मोडली की तिचं नाव विसरा आणि ती काय काम करत होती ते बोला. ‘बकल तुटलं’ म्हणू नका, ‘हा पट्टा इथे ओढून धरून ठेवायचा आहे’ असं म्हणा. तसं म्हटल्याबरोबर डोळे आपोआप दोरी, काडी, कडी असं काहीतरी शोधू लागतात.

याच विचाराचा एक अलीकडचा दाखला आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमी यांचा. २०२२ मध्ये फ्रान्सहून सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते उतरले होते. नियम असा की १९६८ सालची साधनंच वापरायची. कागदी नकाशे, सेक्स्टंट, आणि सुकाणू सांभाळायला विजेवर न चालणारं, वाऱ्याच्या जोरावर चालणारं यंत्र. एकट्या माणसाला झोपावं लागतं, तेव्हा बोट सरळ ठेवण्याचं काम हे यंत्र करतं. त्याचं पाण्यात बुडालेलं पातं मोडलं तर माणसाची झोपच गेली. टॉमींनी ते पातं बनवण्यासाठी बोटीतल्या संडासाचं दार कापलं. हसू येतं, पण विचार करा. चांगली, सपाट, पाण्यात टिकणारी फळी बोटीत आणखी कुठे मिळणार? आणि एकट्या माणसाला संडासाला दार कशाला हवं? एप्रिल २०२३ मध्ये, २३६ दिवसांनी, ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

आता समुद्रावरून आपल्या नदीवर येऊ.

श्रीशैलमच्या जलाशयात मासेमारी करणारे लोक गोल टोपलीसारख्या होडीतून फिरतात. तेलुगूत तिला ‘पुट्टी’ म्हणतात. हंपीला गेलेल्यांनी तुंगभद्रेत तशीच होडी पाहिली असेल. बांबूच्या कामट्या विणून केलेली मोठी परडी, तिला पूर्वी कातडं मढवत, आता ताडपत्री किंवा प्लास्टिकचं कापड आणि वर डांबर. एका सकाळी आमच्या समोरच एका कोळ्याची पुट्टी खडकाला घासली आणि आत पाणी आलं. त्याने घाई केली नाही. होडी काठावर ओढली, पालथी घातली, भोकाभोवतीची जागा कापडाने पुसली आणि उन्हात तशीच ठेवून विडी ओढत बसला. आमच्यातल्या एकाला राहवलं नाही, तो मदतीला पुढे झाला. तेव्हा तो म्हणाला, ‘जल्दी नक्को. सूखने दो.’ त्या ‘नक्को’वर आम्ही मनापासून खूश झालो, आपलाच शब्द तिथे भेटला म्हणून. पण त्या दोन वाक्यांत दुरुस्तीचं अर्धं शास्त्र होतं. जागा वाळल्यावर त्याने एका डब्यात डांबर वितळवलं, जुन्या कापडाचं ठिगळ भोकापेक्षा चांगलं चार बोटं मोठं घेतलं, खाली डांबर, मध्ये कापड, वर पुन्हा डांबर, आणि काठीने दाबून बसवलं. आमचा चहा होऊन पिऊन झाला तेव्हा होडी पुन्हा पाण्यात होती.

आमच्या हवा भरायच्या होडीला भोक पडलं तर तेच नियम लागतात. सायकलच्या पंक्चरवाल्याला आठवा. तो आधी पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, म्हणजे रोग कुठे आहे ते शोधतो. मग जागा घासतो. मग सोल्यूशन लावतो आणि ठिगळ लगेच चिकटवत नाही. बोट लावून पाहतो, चिकचिक गेली की मगच दाबतो. ही जी थांबायची दोन-चार मिनिटं असतात, तीच घाबरलेला माणूस खातो. एक तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सायकलचं सोल्यूशन रबराला धरतं. स्वस्तातल्या बऱ्याच होड्या पीव्हीसीच्या असतात, त्यांना ते धरत नाही. त्यांचा गोंद वेगळा येतो. होडी कशाची आहे हे घरीच पाहून घ्यावं. नदीच्या मध्यावर ते पाहण्यात अर्थ नाही.

बरोबर काय न्यायचं, असं आम्हांला सगळेच विचारतात. आम्ही तयार सुटे भाग फार नेत नाही, कारण जो भाग न्यावा तो कधीच तुटत नाही. आम्ही कच्चा माल नेतो. आमच्या पिशवीत एक दाभण असतं, पोती शिवायचं. जाड मेणाचा दोरा असतो. तो नसेल तर दात साफ करायचा फ्लॉसही फार चिवट असतो. पंधरा-वीस हात बारीक नायलॉनची दोरी. बांधकामावरची लोखंडी तार हातभर. छोटी पक्कड. कापडी चिकटपट्टी, पण अख्खं बंडल नको, पाण्याच्या बाटलीलाच चार-पाच वेढे देऊन ठेवायची. दोन सेफ्टी पिना. एम-सीलचं एक पाकीट. ते ओल्या हाताने मळता येतं आणि दगडासारखं होतं. आणि स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या आडव्या कापलेल्या, दोन बोटं रुंद अशा रबरी कड्या, सात-आठ. या सगळ्याचं वजन एका डब्यातल्या पोळी-भाजीहून जास्त नाही.

या पिशवीने काय होतं ते सांगतो. तंबूची काठी मोडली तर मोडलेल्या हाताला कामट्या बांधतात तशी तिच्या शेजारी तंबूची खुंटी किंवा सरळ काटकी ठेवून दोरीने घट्ट गुंडाळायची. पाठपिशवीचा पट्टा उसवला तर दाभणाने शिवायचा. मूळ शिवणीच्या भोकांतून शिवू नका, ती जागा कमकुवत झालेली असते, बोटभर आत शिवा. पिशवीची चेन उघडी पडायला लागली तर तिचा सरकता भाग पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती पुन्हा पकडते. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हचा पंप हवा धरेनासा झाला तर आतलं कातडी वॉशर वाळलेलं असतं, त्याला तेलाचं बोट लावा. हे शेवटचं आम्ही सांगायची गरज नाही. समोर बसलेल्या काकूंनी आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षं स्टोव्हला पिन मारत काढलेली आहेत.

बुटाचा तळवा निघणं हा सह्याद्रीतला सगळ्यांत नेहमीचा अपघात. त्याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. बुटाच्या तळव्याचा मधला थर पुष्कळदा पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतून ठिसूळ होत जातो, बूट वापरा की न वापरा. म्हणून माळ्यावर पाच-सात वर्षं खोक्यात जपून ठेवलेला, दिसायला नवाकोरा बूट पहिल्याच चढावर तोंड उघडतो. तो फेस ज्याचा भुगा झाला आहे त्याला कुठलाही गोंद लावून उपयोग नसतो, कारण गोंदाला धरायलाच काही उरलेलं नसतं.

हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरच्या बाजूने उतरताना, टोलार खिंडीच्या वरच्या कातळावर, आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या एका काकांच्या दोन्ही बुटांचे तळवे अर्ध्या तासाच्या अंतराने असेच निघाले. श्रावणातला पाऊस, शेवाळलेला खडक, दुपारचे चार वाजलेले. त्या जागी लोखंडी कठडे आहेत, पण पाय घसरला तर कठड्याला धरलेला हात किती वेळ पुरणार? अनवाणी उतरावं तर ओल्या कातळावर आणि पुढे जंगलातल्या काट्याकुट्यांत रात्र झाली असती. त्यांना उचलून न्यायचं म्हटलं तर उचलणारेही घसरले असते. सगळे थांबलो. आधी काकांना बसवलं, पाणी दिलं. तळवे जागेवर ठेवून प्रत्येक बुटावर ट्यूबच्या तीन कड्या चढवल्या, एक चवड्यावर, एक मधोमध, एक टाचेजवळ. वरून दोरी घोट्याभोवती नेऊन टाचेची कडी मागे सरकणार नाही अशी बांधली. चिकटपट्टी पावसात सुटली असती. रबर सुटलं नाही, उलट ओल्या दगडावर ते तळव्यापेक्षा बरं धरत होतं. दर अर्ध्या तासाला थांबून कड्या जागेवर आहेत ना ते पाहिलं. अंधार पडता पडता खिरेश्वर गाठलं.

त्या संध्याकाळी कुणालाही काही नवीन सुचलं नाही. त्या कड्या आमच्यातल्या एका ताईंनी घरी बसून कात्रीने कापल्या होत्या, आणि गच्चीवर एकदा बुटाला लावूनही पाहिल्या होत्या. गच्चीवरच्या त्या दहा मिनिटांनी काकांना खाली आणलं.

आता दुसरी बाजू. जिथे दुरुस्ती करायचीच नाही अशा काही जागा असतात, आणि त्या ओळखणं हेही कारागिरीत येतं. जिच्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे ती वस्तू शिवून, चिकटवून, गाठ मारून वापरायची नाही. चढाईचा घासलेला दोर, कमरेचा हार्नेस, फाटलेलं लाइफ जॅकेट, यांना आमच्या पिशवीत औषध नाही. ते बाजूला ठेवायचं आणि बेत बदलायचा. वर जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही.

आपल्या नौदलाच्या ‘तारिणी’चं उदाहरण घ्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांतल्या ऐश्वर्या बोड्डापाटी आपल्या हैदराबादच्या. जग पालथं घालून, केप हॉर्नला वळसा घालून, बोट हिंदी महासागरात आली. आता घर जवळ, आणि सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड. तेव्हा त्या मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात गेल्या, तिथे दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ रोजी बोट गोव्यात पोचली. आधी ठरलेल्या मुक्कामांत मॉरिशस नव्हतं. पण सुकाणू ही तडजोड करायची जागा नव्हे.

आणि कधी कधी दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही. ज्या अभिलाष टॉमींनी दाराचं पातं केलं, त्यांची बोट त्याआधीच्या शर्यतीत, सप्टेंबर २०१८ मध्ये, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली. डोलकाठी मोडली, स्वतःच्या पाठीच्या मणक्याला जबर दुखापत झाली. तिथे त्यांनी मदत मागितली, पडून राहिले, आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या एका गस्ती जहाजाने त्यांना उचललं. मदत मागितली म्हणून ते पुन्हा समुद्रावर गेले.

आमचे आणखी दोन नियम आहेत, आणि ते या मंडपालाही लागू आहेत.

एक, दुरुस्त केलेली वस्तू सगळ्यांना माहीत असली पाहिजे. आम्ही तिला लाल चिंधी बांधतो. म्हणजे रात्री अंधारात दुसऱ्या कुणी ती पिशवी उचलली तरी पट्टा सांभाळून धरायचा हे त्याला कळतं. दोन, घरी पोचल्यावर तात्पुरती दुरुस्ती काढून टाकायची आणि नीट काम करून घ्यायचं, किंवा वस्तू टाकून द्यायची. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून केलेलं काम कायमचं होऊन बसतं. मंडपात दरवर्षी विजेची तीच वायर येते, तिला मागच्या वर्षीची चिकटपट्टी तशीच असते, त्यावर या वर्षीची चढते. पावसात भिजणाऱ्या, लहान मुलांच्या पायाखाली येणाऱ्या वायरला पट्टीचा सांधा नको, अख्खी वायर बदलायची. विसर्जनाला आयडीएल तलावाकडे जाताना ट्रॉलीवर मूर्ती बांधायची दोरीही अशीच वर्षानुवर्षं चालते. तीही दरवर्षी हातातून फिरवून, वीत वीत तपासून घ्या. रानात आम्हांला निरुपायाने जे करावं लागतं ते घरी, दुकानं उघडी असताना, करण्याचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे आपले कमांडर दिलीप दोंदे. ही कल्पना वाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ बोटीतून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. पण त्यांची तयारी समुद्रावर सुरू झाली नव्हती. म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे तिथे होते. त्याआधी ते इंग्लंडला जाऊन सुहैलीच्या त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नव्या बोटीच्या तयारीत राबले होते. म्हणजे ज्या बोटीतून जायचं तिची प्रत्येक फळी, नळी, वायर कुठून कुठे जाते हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्यात भर समुद्रात काही बिघडलं तर ते कुठल्या फळीमागे आहे हे शोधण्यात त्यांना रात्र घालवावी लागणार नव्हती.

आपल्या मुलांनी वस्तूंचं पोट पाहिलेलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आज घरात येणारी निम्मी यंत्रं उघडताच येत नाहीत, बॅटरी चिकटवलेली, स्क्रू बसवलेलाच नाही. बिघडलं की फोन करायचा, माणूस येतो, तोही दुरुस्त करत नाही, भाग बदलतो. मुलं हुशार आहेत, उत्तम प्रोग्रॅम लिहितात. पण निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक त्यांना विचारून पाहा.

आणि याच सभागृहात, याच खुर्च्यांवर, बालानगर, सनतनगर, जीडीमेटलाच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं काढलेले लोक बसले आहेत. महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलेले आणि इथलेच झालेले. टूलरूममध्ये बोटाच्या स्पर्शाने जाडी सांगणारे, आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही ते ओळखणारे. त्यांच्या घरच्या पत्नींनी पाटा-वरवंटा टाकवून घेतला, मिक्सरचा कार्बन बदलला, गोधड्या शिवल्या, जुन्या पॅन्टच्या पिशव्या केल्या. हे सगळं कौशल्य निवृत्त होऊन संध्याकाळी बाकावर बसलेलं आहे. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ते बाकावरही नसेल. आम्हांला याची मनापासून काळजी वाटते.

म्हणून आमची मंडळाला विनंती आहे. दर महिन्याच्या एका रविवारी, सकाळी दोन तास, मंडळाची जागा आम्हांला द्या. ज्येष्ठांनी हत्यारांची पेटी आणायची, मुलांनी घरातलं मोडलेलं काहीतरी आणायचं. दुरुस्त झालंच पाहिजे असा हट्ट नाही. उघडायचं, बघायचं, काय काम करत होतं ते बोलायचं. पहिल्या रविवारी काय शिकवायचं तेही आम्ही ठरवलं आहे. सायकलचं पंक्चर, बटण शिवणं आणि पाच गाठी. विजेच्या वस्तूंना हात लावायचा तो ज्येष्ठांच्या समोर आणि प्लग काढून.

मुलींना वेगळं, मुलांना वेगळं असं काही नसेल. दाभण सगळ्यांच्या हातात येईल, पक्कडही सगळ्यांच्या. आणि एखाद्या आजींनी स्टोव्हची गोष्ट सांगितली तर ती आम्ही आमच्या वहीत लिहून घेऊ.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक वही ठेवलेली असेल. शिकवायला येणाऱ्यांनी एका बाजूला नाव लिहावं, शिकायला येणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना नाव लिहायलाही हरकत नाही. ज्यांच्या माळ्यावर पाच वर्षांपूर्वीचे ट्रेकिंगचे बूट आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर ते खाली काढून तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. भेगा दिसल्या तर पुढच्या पावसाळ्याआधी नवे घ्या. आणि जुनी ट्यूब असेल तर ती मात्र टाकू नका, आम्हांला आणून द्या.

गणपती बाप्पा मोरया!